मोडीचे व्हिडिओ मुलं बघतात, पण लिहायला बसली की देवनागरीच येते

ताई, चौथीच्या मुलांना मोडीचे, म्हणजे मराठीच्या जुन्या लिपीचे, व्हिडिओ दाखवल्यावर ती अक्षर ओळखतात पण वहीत वाकडीतिकडी देवनागरीच उतरते असं तुम्ही म्हणताय ना, पहिल्या वर्षी माझंही अगदी हेच झालं होतं. मी फाँट वापरून रंगीत अ‍ॅनिमेशन केलं होतं, अक्षर गिरकी घेत स्क्रीनवर येऊन बसायचं, मुलं खूश, आणि पाट्या कोऱ्या. चूक माझीच होती. मोडी युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवर अक्षरं लिहायच्या जागतिक पद्धतीत) २०१४ ला आली, फाँट मिळतात हे छानच, पण फाँटमध्ये अक्षर आयतं तयार होऊन येतं, हात कुठून निघाला आणि कुठे वळला ते दिसतच नाही, आणि मोडी म्हणजे सगळा हाताचाच खेळ.

देवनागरीत आपण शब्द लिहून मग वर रेघ मारतो. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग खाली अक्षरं, तीही शक्यतो हात न उचलता, शब्दांत जागा न सोडता. मुलांच्या हाताला उलटी सवय लागलेली असते, म्हणून प्रत्येक व्हिडिओची सुरुवात रेघ ओढण्यापासूनच करा.

मोबाईल वरून बांधा, पण वही मुलाला समोर दिसते तशीच दिसली पाहिजे. सेल्फी कॅमेरा नको, त्यात बऱ्याचदा अक्षर उलटं येतं (माझे सहा व्हिडिओ असेच वाया गेले). जाड पेन, म्युझिक अजिबात नको, वीस-पंचवीस सेकंद, एकदा सावकाश आणि एकदा नेहमीच्या वेगात. शेवटचं वळण यायच्या आत पॉज करा आणि ते मुलांना बोटाने हवेत पूर्ण करायला लावा, मग स्क्रीन बंद आणि वह्या उघडा. स्क्रीन चालू राहिली तर कुणी लिहीत नाही. डावखुऱ्या मुलांसाठी एक डाव्या हाताचा व्हिडिओ वेगळा काढा, नाहीतर बिचारी गोंधळतात. आणि क ख ग च्या क्रमाचा हट्ट सोडा, ज्या अक्षरांना हात सारखा फिरतो ती एकत्र घ्या.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ फारसं पाळत नाहीत, वेलांटी बहुतेक एकच, उकारही एकच. हे कळलं की मुलं उड्या मारतात आणि मराठीच्या बाई कपाळाला हात लावतात. म्हणूनच चौथीच्या आधी मी सुरू करत नाही.

आणि महिन्याभराने एखादं जुनं खरेदीखत मोठं करून दाखवा, १९५० च्या आसपासपर्यंतची कागदपत्रं मोडीत सापडतात, कुणाच्या ना कुणाच्या घरी ट्रंकेत असतंच. वाचायला लावू नका, जुन्या कारकुनांचं अक्षर मोठ्यांनाही लागत नाही, फक्त ओळखीची दोन अक्षरं शोधायला सांगा. आमच्याकडे एका मुलीला त्यात तिच्या आडनावातला म सापडला तर डबा खायची सुट्टी संपली तरी ती पडद्यापासून हलेना.