मोटर बदलू नका, दाते मोजा

प्रश्न : सायकलला मिड-ड्राइव्ह (पॅडलच्या दांड्यापाशी बसणारी) मोटर बसवली. पुढे 52 दात्यांची चेनरिंग (पॅडलजवळची दातेरी चकती), मागच्या चाकावर 11 ते 28 दात्यांच्या चकत्या. सपाटीवर झकास पळते, चढावर मोटर तापते. मोठी मोटर घेऊ का?

उत्तर : अजिबात नको. मोटरचा जोर चेनमधूनच मागच्या चाकाला जातो, म्हणून तुमचे गिअर तिचेही गिअर. पॅडल संथ तर मोटरही संथ, आणि मोटर संथ फिरली की वीज ताकदीऐवजी उष्णतेत जाते. आता हिशेब बघा. चाकाचा घेर 2.1 मीटर धरला, तर तुमच्या सर्वांत हलक्या गिअरमध्येही (पुढे 52, मागे 28) ताशी 10 किमीला पॅडल मिनिटाला जेमतेम 43 फेरे घेतं. पुढे 42, मागे 34 केलं तर तेच 64 होतात. मोटरला इथे हायसं वाटेल! सपाटीचीही काळजी नको. पुढे 42, मागे 14 वर मिनिटाला 80 फेऱ्यांना ताशी 30 मिळतात.

मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) 34 दाते पेलतो का, ते आधी तपासा. चेन तिरकी ओढली जात नाही ना, हेही मागून वाकून बघा. आणि गिअर टाकताना मोटरचा जोर क्षणभर तोडा. कट-ऑफवाला (दाबताच मोटर बंद करणारा) ब्रेक हलकेच दाबला तरी भागतं. 11 दात्यांच्या चकतीवर सतत राहू नका, ती लवकर झिजते.