अभ्यास, शेती, दुकान: तिन्ही एकदम नको

भाऊ, तुम्ही लिहिलंत ते थोडक्यात असं: वय 26, केमिस्ट्रीत बी.एस्सी., पुण्यात राज्यसेवेची तयारी चालू होती, महिन्यापूर्वी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि आता तुम्ही दारव्हा तालुक्यात घरी आहात. पाच एकर कोरडवाहू वावर. अभ्यास करत शेती पाहू आणि कृषी केंद्रही (बियाणं, खत, कीटकनाशकाचं दुकान) टाकू का, असं विचारलंत. माझं मत, नका.

वयाची धास्ती आधी सोडा. राज्यसेवेला खुल्या गटात 38 आणि मागासवर्गीयांना 43 वर्षांपर्यंत मुभा आहे. घाई आहे ती वडिलांच्या हातापायाची. झटक्यानंतर सर्वांत जास्त सुधारणा पहिल्या तीनेक महिन्यांत होते. रोज तालुक्याला नेणं जमत नसेल तर फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम नीट शिकून घ्या आणि घरी तुम्हीच करून घ्या. आईवर टाकू नका, तिला आधीच पुरेसं आहे.

वावर यंदा बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला वाहायला द्या. एकाच सालाचा करार, कागदावर, दोन साक्षीदारांसमोर. बियाणं-खताचा खर्च कोणाचा आणि वाटा किती, हे पेरणीच्या आधीच ठरवा. कापूस घरात आल्यावरची बोलणी भांडणातच जातात. आणि फरदड ठेवायची नाही, म्हणजे वेचणी संपल्यावर कापसाची झाडं आणखी पिकासाठी उभी ठेवायची नाहीत, ही अट घाला. गुलाबी बोंडअळी त्या उभ्या पऱ्हाटीवरच पोसते. पुढच्या साली वावर स्वतः वाहिलंत तरी हाच नियम पाळा, म्हणजे कापूस-तूर निघाल्यावर फेब्रुवारीपासून पेरणीआधीच्या वखरपाळीपर्यंत अभ्यासाला सलग वेळ मिळतो. नोकरी करणाऱ्यालाही एवढा मिळत नाही.

दुकानाचं म्हणाल तर तुमची डिग्री कामाची आहे. कीटकनाशक विक्रीच्या परवान्याला रसायनशास्त्र घेतलेला विज्ञान पदवीधर चालतो. पण मी स्वतः कृषी केंद्र चालवतो म्हणून सांगतो, यात परवाना सोपा आणि उधारी अवघड. जूनला माल जातो, पैसा कापूस विकल्यावर येतो, आणि पाऊस दगा देऊन गेला तर तोही नाही. घरात आजारपण असताना ही जोखीम घेऊ नये. त्यापेक्षा वडील जरा सावरले की हंगामात कोणाच्या तरी काउंटरवर अर्धा दिवस बसा. कोणता शेतकरी कधी पैसे देतो, हे तिथेच कळतं.

परीक्षेबाबत एक बदल सुचवतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली. लिहिलेली उत्तरं तपासून देणारं कोणी जवळ नसताना ती गावातून काढणं जड जातं. तलाठी भरतीची (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी) परीक्षा वस्तुनिष्ठ आहे, 200 गुणांची, मुलाखत नाही. वर्षभर तीच धरा. राज्यसेवेचं घरची घडी बसल्यावर बघू.

पुण्याची खोली मात्र या महिन्यातच सोडा. डिपॉझिट परत घ्या आणि पुस्तकं एसटीच्या पार्सलनं मागवा.