गाड्याचा एक्सल आणि स्टीअरिंग : आधी एवढं कर

मित्रा, घरी बनवतोयस त्या चारचाकी गाड्याला सायकलची चाकं लावतोयस ते ठीक, पण त्यांचा मूळ एक्सल, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो दांडा, ठेवू नकोस. तो फोर्कमध्ये दोन्ही बाजूंनी धरलेला असतो. तुझ्या गाड्यात एकाच बाजूने लटकणार आणि पहिल्याच वळणावर वाकणार. माझा वाकला होता, चाक फळीला घासत थांबलं. सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीत लेथवाल्याकडे जा, २० मिमीचा ब्राइट बार (अचूक मापाची गुळगुळीत पोलादी सळई) घे आणि ६२०४ नंबरचं बेअरिंग बसेल असे हब, म्हणजे चाकाचे मधले तुंबे, करून घे. त्या बेअरिंगचं भोक बरोबर २० मिमी, बाहेरचा व्यास ४७ मिमी. भंगारातला लूमचा (यंत्रमागाचा) शाफ्टही चालेल, फक्त सपाट फरशीवर लोळवून बघ. डुगडुगला तर सोडून दे.

स्टीअरिंगला दोरी नको, ती ताणते. टाय रॉड, म्हणजे पुढची दोन्ही चाकं जोडणारी दांडी, लाव, टोकांना रॉड एंड (फिरता गोल सांधा). पुढच्या चाकांचे आर्म (चाक वळवणाऱ्या पट्ट्या) किंगपिनकडून, म्हणजे चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं तिथून, मागच्या एक्सलच्या मध्याकडे रोखलेले ठेव, म्हणजे वळताना आतलं चाक जास्त वळतं आणि टायर घासत नाहीत. नट नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे) घे, एक्सलच्या टोकाला कॉटर पिन (आरपार घालून टोकं वाकवायची पिन) हवीच.

आणि ब्रेक झाल्याशिवाय उतारावर नेऊ नकोस रे.