महिन्याला दीड हजार बिल येतं, एजन्सीवाला तीन किलोवॅट सोलर घ्या म्हणतो आणि मिस्टर म्हणतात तेच पैसे एफडीत टाकू. काय करावं?

तुमच्या मिस्टरांचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या घरात हेच वाक्य दोन वर्षं ऐकलंय मी, माझ्या धाकट्या दिरांकडून. भाऊजी बँकेतून निवृत्त झालेले. आकडेमोड त्यांचीच खरी, असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलेलं.

आम्ही बार्शीला राहतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. घर सासऱ्यांनी बांधलेलं, खाली आम्ही, वर भाऊजी, गच्ची निम्मी निम्मी. उत्तरेची बाजू आमची, दक्षिणेची त्यांची. मुलगा, सून, नातू धरून आमचं लाइट बिल महिन्याला सरासरी 275 युनिटचं, म्हणजे तीन हजारांच्या आसपास. मे महिन्यात एसी लागला की 400 युनिटच्या पुढं. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान, आणि मी ठरवलं की बसवायचं. खर्च 1,98,000, अनुदान वजा जाता 1,20,000.

भाऊजींनी सगळ्यांसमोर कागद काढला. तीन किलोवॅट वर्षाला चार हजार दोनशे युनिट देणार, वीज कंपनी सोलरच्या युनिटला तीनेक रुपये देते, म्हणजे वर्षाला 12,600. मुद्दल फिटायला साडेनऊ वर्षं. तेवढ्यात सात टक्क्यांनी एफडी जवळपास दुप्पट होते. "वहिनी, हा तोट्याचा व्यवहार आहे," म्हणाले, आणि कागदाची घडी करून माझ्या हातात दिली.

तो कागद चूक होता. चूक एकाच जागी, पण मुळातच. तीन रुपयांचा भाव आहे तो फक्त 31 मार्चला शिल्लक राहिलेल्या युनिटांना. वर्षभर तुम्ही जी वीज ग्रिडला, म्हणजे कंपनीच्या तारांत, देता ती तुम्ही घेतलेल्या युनिटांतून युनिटास युनिट वजा होते, आणि महिन्याची शिल्लक पुढच्या महिन्यात ओढली जाते. म्हणजे सोलरचा युनिट तुम्हाला तेवढ्याच किमतीचा, जेवढ्याला तुम्ही तो विकत घेतला असता. आणि आपल्याकडं पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी, शंभरच्या वर गेलं की जवळपास दुप्पट. सोलर आधी वरचे महाग युनिट खातं. शिवाय त्यावरचा 16 टक्के वीज शुल्काचा बोजाही जातो. माझं बिल आता स्थिर आकार वगैरे धरून दीडशे ते दोनशे येतं. महिन्याला 2,800 वाचले तर वर्षाला 33,600, आणि 1,20,000 ची एफडी त्या सात टक्क्यांनी वर्षाला देते 8,400. हे मी त्याच दिवशी सांगितलं होतं. "बँकेत काम मी केलंय," एवढंच उत्तर मिळालं.

मीटर सासऱ्यांच्या नावावर होतं. अर्ज ज्याच्या नावाचा, बिलही त्याच्याच नावाचं लागतं, आणि नाव बदलायला भाऊजींची संमती हवी होती. ती सही मिळायला सात आठवडे लागले.

आता माझी चूक. ती लिहिते, कारण पैशापेक्षा ती तुमच्या जास्त कामाची आहे.

एजन्सीचा मुलगा जागा बघायला आला तो मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी बाराला. भाऊजींच्या बाजूला हजार लिटरची टाकी सहा फुटांच्या स्टँडवर उभी आहे. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, सावली कुठंच नाही, एकदम क्लिअर." खरंच नव्हती. बार्शीला त्याच आठवड्यात शून्य सावलीचा दिवस असतो, सूर्य डोक्यावर. मी एकतीस वर्षं मुलांना फळ्यावर दक्षिणायन काढून दाखवलं, काठी रोवून सावल्या मोजायला लावल्या, आणि माझ्याच गच्चीवर त्या पोरासमोर मान हलवली. ते मला अजून लागतं.

ऑगस्टमध्ये सहा पॅनल बसले, दिलेली आणि घेतलेली वीज मोजणारा नेट मीटर लागला. पावसाळ्यात कमी येणार हे धरलेलंच होतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दिवसाला बारा-तेरा युनिट येऊ लागले आणि मी निर्धास्त झाले. मग आकडा उतरायला लागला. डिसेंबरात आभाळ निरभ्र, आणि मोबाइलवर सात युनिट. भाऊजी विचारत राहायचे, "वहिनी, आज किती?" संक्रांतीला नणंदा आल्या होत्या, त्यांच्यापुढंही हेच, वर "मी सांगत होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला नातवाला घेऊन खडू हातात घेतला. टाकीची सावली जिथं पडेल तिथं दर तासाला रेघ मारायची आणि वेळ लिहायची, साडेचारपर्यंत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून चालतो, भर दुपारीसुद्धा आपल्याकडं तो पन्नासेक अंशांच्या वर चढत नाही. स्टँडसकट दहा फूट उंच टाकीची सावली बारा वाजता आठ फुटांपेक्षा जास्त, आणि तिन्हीसांजेकडं लांबतच जाते. अकरापासून तीनपर्यंत ती आमच्या सहापैकी दोन पॅनलवरून सरकत होती. हे सहाही पॅनल एका माळेत जोडलेले असतात. दोनांवर सावली पडली की नुसत्या त्या सावलीएवढं नुकसान होत नाही, त्याहून बरंच जास्त होतं.

भाऊजी वर आले. रेघा बघितल्या. मी काही बोलले नाही, नातवानं सगळं समजावून सांगितलं. टाकी त्यांचीच होती आणि हलवायची म्हणजे त्यांची परवानगी पुन्हा. या वेळी सात आठवडे लागले नाहीत, चार दिवसांत त्यांनीच प्लंबर आणला. टाकी जिन्याच्या खोलीच्या उत्तरेला गेली, प्लंबरचे साडेतीन हजार मी दिले. फेब्रुवारीत रोज तेरा-चौदा युनिट. कागदाबद्दल मात्र ते आजपर्यंत बोलले नाहीत.

म्हणून जागा बघायला कोणी मेमध्ये आलं तर त्याचं ऐकू नका. डिसेंबर-जानेवारीत स्वतः खडू घेऊन वर जा. टाकी, जिन्याची खोली, शेजारच्याचा नारळ, सगळं धरून. शेजारी मजला चढवणार असेल तर तेही विचारा.

आता तुमचं. दीड हजार बिल म्हणजे साधारण 150 युनिट. एक किलोवॅट रोज सरासरी चार युनिट देतं, म्हणजे महिन्याला 120. तुम्हाला तीन किलोवॅट कशाला? जास्तीची वीज मार्चअखेर तीनेक रुपयांनी जाणार, तिथं भाऊजींचा भाव खरा आहे. मलाही अडीच पुरलं असतं. दोन घ्या, 60,000 अनुदान आहे, पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000. तिसऱ्याला 18,000 च मिळतात. तुमचे पैसे माझ्यासारखे साडेतीन वर्षांत फिटणार नाहीत, पाचेक वर्षं धरा. बिल शंभर युनिटच्या आत असतं तर मी स्पष्ट नको म्हटलं असतं.

लाइट गेली की हे सोलरही बंद होतं, हे एजन्सीवाले शेवटी सांगतात. तारेवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून ते तसंच असतं. लोडशेडिंगसाठी घेत असाल तर बॅटरी लागेल आणि मग हे सगळे आकडे बदलतात. बोअरच्या पाण्यानं पॅनल धुऊ नका, पांढरे डाग बसतात. दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्यानं, सकाळी गार असताना. इन्व्हर्टर पॅनलइतका टिकत नाही, पंचवीस वर्षांत एकदा तरी बदलावा लागेल, त्याचे पैसे बाजूला ठेवा. आणि एफडीचं मुद्दल परत मिळतं, पॅनलचं मिळत नाही. मिस्टरांचा हा मुद्दा बरोबर आहे, तो मान्य करा.

मी वाचलेल्या बिलातले 2,500 दर महिन्याला पोस्टात आरडीत टाकते. मुद्दल तिथं परत उभं राहतंय. मिस्टरांना एवढंच सांगा की एका कागदावर एफडीचं वर्षाचं व्याज लिहा आणि शेजारी गेल्या बारा बिलांची बेरीज लिहा. भाऊजींच्या कागदावर ती बेरीज नव्हती.