सात महिन्यांच्या बाळाला घेऊन एकटीने फ्रँकफर्टहून मुंबईला माहेरी येणं जमेल का?

जमेल, नक्की जमेल. या वयाचं बाळ अजून पळत नाही, त्यामुळे दीड वर्षाच्या पोरापेक्षा प्रवास सोपा जातो.

आधी विमान कंपनीला फोन करून बॅसिनेटची, म्हणजे बाळाला झोपवायच्या छोट्या पाळण्याची, जागा मागा. पुढे भिंत असलेल्या मोजक्याच सीटना ती मिळते. त्यात चालणाऱ्या बाळाच्या वजनाची मर्यादाही विचारून घ्या, ती कंपनीगणिक बदलते. दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवरचं तिकीट चालतं, पासपोर्ट मात्र स्वतःचा लागतो.

खरी काळजी घ्यायची ती कानांची. विमान चढताना, आणि उतरताना तर जास्तच, दडे बसतात; बाळ गिळत राहिलं की सुटतात. म्हणून एक पाजणं उतरण्यासाठी राखून ठेवा. विमान टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधीपासून खाली येऊ लागतं, तेव्हा पाजायला घ्या. फार आधी पाजलंत तर पोट भरलेलं बाळ ऐनवेळी तोंड फिरवतं.

हातातल्या सामानातल्या द्रवपदार्थांचा १०० मिलीचा नियम बाळाच्या प्रवासापुरत्या दुधाला किंवा खिमटीला लागत नाही, तपासणीत बाहेर काढून दाखवा. अंगाला बांधायचं बेबी कॅरियर हवंच. बाबागाडी विमानाच्या दारापर्यंत नेता येते, पण उतरल्यावर कधीकधी थेट सामानाच्या पट्ट्यावरच हाती येते. सीटबेल्टचा दिवा लागला की बॅसिनेटमधून बाळ उचलावं लागतं, झोपलेलं असलं तरी.

आणि बाळाचे जादा कपडे घ्यालच, पण हातातल्या बॅगेत स्वतःसाठीही एक कुर्ता ठेवा.