बंदीची हूल आणि बंदुकीचा भाव

शस्त्र परवाना, काडतुसं आणि बंदुकांचे भाव यांबद्दल नागपूर शहर आणि ग्रामीण भागातून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : मुलगा टेक्सासमध्ये नोकरीला आहे. तिकडे मोठा गोळीबार झाला आणि कायदा कडक करण्याची चर्चा सुरू झाली की आठवड्याभरात दुकानं रिकामी होतात, भाव दुपटीवर जातात, असं तो सांगतो. कायदा तर बहुतेक वेळा होतही नाही. मग एवढी झुंबड कशासाठी? (धरमपेठ)

उत्तर : याचं मूळ तिथल्या कायद्यांच्या रचनेत आहे. अमेरिकेतली अशी बंदी बहुधा ठरावीक तारखेनंतर बनलेल्या मालाला लागू होते. त्याआधी हातात असलेली वस्तू मालकाकडेच राहते. 13 सप्टेंबर 1994 च्या केंद्रीय कायद्याने काही अर्धस्वयंचलित बंदुका आणि 10 पेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिनं (बंदुकीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेट्या) 10 वर्षांसाठी बंद केली, पण आधीची मॅगझिनं बाळगायला आणि विकायलाही मोकळीक ठेवली. म्हणजे ‘आज घ्याल तर कायमचं तुमचं, उद्या मिळेलच असं नाही’ असाच निरोप ग्राहकाला गेला. ज्याला बंदूक घ्यायची नव्हती, तोही मग रांगेत उभा राहतो.

14 डिसेंबर 2012 ला कनेक्टिकट राज्यातल्या न्यूटाउनच्या शाळेत हत्याकांड झालं. त्यानंतरचे महिने या प्रकाराचा सगळ्यात स्पष्ट नमुना आहेत. 30 गोळ्यांचं साधं प्लास्टिकचं मॅगझिन 12 ते 15 डॉलरला मिळायचं, ते 40 ते 60 डॉलरवर गेलं. एआर-15 या अर्धस्वयंचलित रायफलींच्या किमती दीडपट-दुप्पट झाल्या. कारखान्यांनी आपले छापील भाव फारसे वाढवले नव्हते. वाढ झाली ती किरकोळ दुकानात आणि त्याहून जास्त ऑनलाइन लिलावात, म्हणजे ज्याच्या हातात माल होता त्याच्याकडे.

यात एक बारकावा आहे. एआर-15 चे भाग सुटे होतात आणि कायद्याने त्यातला एकच भाग ‘बंदूक’ मानला जातो : अनुक्रमांक कोरलेला खालचा सांगाडा. हा पावकिलोच्या आसपासचा ॲल्युमिनियमचा तुकडा. त्यात नळी नाही, घोडा नाही. एरवी 100 डॉलरच्या आत मिळणारा हा तुकडा लोकांनी तिप्पट पैसे मोजून घेतला. बाकीचे भाग पुढे केव्हाही बसवता येतील, नोंदीत मात्र ‘बंदूक’ बंदीच्या आधीची दिसेल, असा हिशोब होता.

शेवटी 17 एप्रिल 2013 ला सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, बंदी घालणारी दुरुस्ती 40 विरुद्ध 60 अशी पडली. खरेदीदाराची तपासणी वाढवणाऱ्या दुरुस्तीला 54 मतं मिळाली, हवी होती 60. कायदा झाला नाही आणि रायफलींचे भाव हळूहळू उतरले.

उतरली नाही ती पॉइंट 22 च्या छोट्या गोळीची टंचाई. या गोळीवर बंदीचा प्रस्ताव कुठेच नव्हता, तरी ती वर्ष-दोन वर्षं दुकानात टिकेना. 500 गोळ्यांचा खोका 20 डॉलरच्या आसपास असायचा, तो बाहेर 50 डॉलर आणि त्याच्याही वर विकला गेला. ही गोळी पेटवणारं रसायन तिच्या कडेच्या पोकळ घडीत फिरवून भरावं लागतं. त्यासाठी यंत्रांची वेगळीच रांग लागते, मोठ्या गोळ्यांची यंत्रं त्या कामी येत नाहीत. कारखाने आधीच तीन पाळ्यांत चालू होते. नवी रांग टाकायला मोठं भांडवल आणि बराच वेळ लागतो, आणि ती सुरू होईपर्यंत भीती ओसरली तर भांडवल अडकून पडतं. म्हणून कंपन्यांनी हात आखडता घेतला. दुकानदारांनी माणशी दोन-तीन डब्यांची मर्यादा घातली, तेव्हा लोक घरातल्या तिघा-चौघांना घेऊन येऊ लागले. गोळ्या उडत नव्हत्या, कपाटात जाऊन बसत होत्या. टंचाई लांबली ती यामुळे.

प्रश्न : मग अशा वेळी माल घेऊन ठेवायचा आणि भाव चढल्यावर विकायचा, हे गणित तिकडे जमतं का? (वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, सीताबर्डी)

उत्तर : बहुतेकांचं जमत नाही. 1993-94 मध्ये चर्चा चालू असताना बंदीच्या यादीतल्या बंदुकांचे भाव जवळपास 50 टक्क्यांनी वर गेले. पण कारखान्यांनाही तारीख ठाऊक होती. त्यांनी 1994 मध्ये नेहमीपेक्षा वर्षभराचा जादा माल काढून ठेवला. बंदी लागू झाली आणि भाव पडून जवळजवळ आधीच्या पातळीवर आले. शिखरावर घेणारे फसले.

भाव टिकतो तो पुरवठा खरोखर गोठतो तिथेच. 1986 च्या कायद्याने त्या वर्षीच्या 19 मेनंतर नोंदलेल्या मशीनगन सामान्य नागरिकांना विकणं बंद झालं. तेव्हापासून बाजारात फिरतात त्या त्याआधीच्याच, आणि त्यांच्या किमती हजारो डॉलरवरून दहा-दहा हजारांच्या पटीत गेल्या, त्या खाली आल्या नाहीत. त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारायचा : नवा माल खरोखर थांबणार आहे की नुसती थांबण्याची चर्चा आहे?

घोषणा आणि अंमल यांत किती दिवस सोडले, यावरही सगळं ठरतं. कॅनडाने 30 मे 2022 ला पिस्तुलांची खरेदी-विक्री गोठवण्याचं जाहीर केलं आणि अंमल केला 21 ऑक्टोबरला. मधल्या काळात दुकानांतली पिस्तुलं झपाट्याने उचलली गेली. न्यूझीलंडने मार्च 2019 मध्ये, ख्राइस्टचर्चच्या हल्ल्यानंतर सहाव्या दिवशी लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी जाहीर केली आणि त्याच दुपारी 3 वाजल्यापासून त्या बंदुकांचं वर्गीकरण बदललं. घोषणा ऐकून दुकानात धावायला वेळच ठेवला नाही. आमच्या मते बंदी घालायचीच असेल तर तीच पद्धत बरोबर. महिनाभर आधी दवंडी पिटून सरकार स्वतःच गर्दी गोळा करतं.

उलट बाजूही आहे. नोव्हेंबर 2016 च्या अध्यक्षीय निवडणुकीत कडक कायद्याची शक्यता मावळली आणि दुसऱ्याच दिवशी तिथल्या दोन मोठ्या बंदूक कंपन्यांचे शेअर 10 टक्क्यांहून जास्त कोसळले. भीती गेली की गिऱ्हाईकही जातं.

प्रश्न : वर्तमानपत्रात ‘एका महिन्यात इतक्या लाख बंदुका विकल्या’ असे आकडे येतात. ते खरे मानायचे का? (कामठी)

उत्तर : ते आकडे विक्रीचे नसतात, खरेदीदाराच्या पार्श्वभूमी-तपासणीचे असतात. डिसेंबर 2011 मध्ये अशा सुमारे 18.6 लाख तपासण्या झाल्या, डिसेंबर 2012 मध्ये 27.8 लाख. पण एका तपासणीवर दोन-तीन बंदुका घेता येतात. उलट केंटकीसारखं राज्य परवानाधारकांची दर महिन्याला फेरतपासणी करतं, त्यात विक्री शून्य. दोन व्यक्तींमधले अनेक खासगी व्यवहार तर यात येतच नाहीत. कल दाखवायला आकडा चांगला आहे, नग मोजायला नाही.

प्रश्न : शेती आहे, रानडुक्कर आणि रोह्यांचा त्रास आहे. माझ्याकडे बारा बोअरची एकनळी आहे. एक ओळखीचा माणूस म्हणतो, लवकरच दुसऱ्या बंदुकीचा परवाना बंद होणार, आत्ताच दुनळी घ्या, काडतुसंही भरून ठेवा, भाव दुप्पट होतील. घाई करू का? (काटोल)

उत्तर : नका करू. अमेरिकेत खरेदीची गर्दी होते, कारण तिथे मनात आलं की बहुतेकांना त्याच दिवशी दुकानात जाऊन बंदूक घेता येते. आपल्याकडे परवान्यावर त्या प्रकारच्या शस्त्राची मंजुरी असल्याशिवाय डीलर तुम्हाला ते देऊच शकत नाही. त्यामुळे अफवेने बंदुकीचा भाव एका रात्रीत चढत नाही. कमाई होते ती ‘काम लवकर करून देतो’ म्हणणाऱ्या मधल्या माणसाची. त्याला एक रुपयाही देऊ नका. तुमचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जातो, शहरातल्यांचा पोलीस आयुक्तालयात.

मर्यादेबद्दल : ती आधीच बदललेली आहे. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये 2019 साली दुरुस्ती झाली, ती 14 डिसेंबर 2019 पासून लागू आहे. त्याने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेली धरून. ज्यांच्याकडे तीन होत्या, त्यांना जास्तीची एक वर्षाच्या आत जमा करायची होती. त्या वेळी आपल्याकडे घाई झाली ती विकणाऱ्यांची. विकायला निघालेल्या बंदुका वाढल्या, आणि घेणारा मात्र परवानाधारकच हवा, त्यालाही दोनचीच मर्यादा. अशा बाजारात जुन्या दुनळीचा भाव पडणारच. आजही जुनी दुनळी घेताना घासाघीस करायला जागा असते.

जुनी दुनळी घेतलीच तर भावाआधी तिचं काडतूसघर मोजून घ्या. जुन्या ब्रिटिश बंदुकांचं काडतूसघर बऱ्याचदा अडीच इंचाचं, म्हणजे सुमारे 65 मिलिमीटरचं असतं. आजचं काडतूस 70 मिलिमीटरचं. हे माप उडालेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाचं असतं, त्यामुळे न उडालेलं काडतूस जुन्या बंदुकीत अगदी बिनबोभाट बसतं. घोटाळा उडताना होतो : तोंड उघडायला जागा मिळत नाही, ते पुढच्या निमुळत्या भागात अडकतं आणि दाब वाढतो. बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, नळीच्या खालच्या सपाट भागावरचे छाप बघा, लांबी बहुधा तिथे कोरलेली असते. नसेल तर परवानाधारक कारागिराकडून गेजने मोजून घ्या. नळीवर वेटोळी नक्षी दिसली, म्हणजे ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली असेल, तर त्यात आजचं काडतूस घालूच नका.

काडतुसांचा साठा किती करायचा हे तुमच्या हातात नाही. एका वेळी किती आणि वर्षाला किती, हे दोन्ही आकडे परवान्यावरच लिहिलेले असतात. शिवाय टिनाच्या छपराखालच्या खोलीत मे महिन्यात ठेवलेली काडतुसं टिकत नाहीत. उष्णतेने दारू लवकर खराब होते, पावसाळ्यात कागदी कवच फुगतं आणि काडतूसघरात जात नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणारी पुडी टाकून, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, कुलपात ठेवा. जुनी आधी वापरा. घोडा पडूनही बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान 30 सेकंद थांबा, मगच बंदूक मोडा. उशिराने पेट घेणारं काडतूस उघड्या बंदुकीत फुटलं तर तोंडावर येतं.

आणि बंदुकीचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारायची परवानगी नव्हे. ती वन खात्याकडून वेगळी घ्यावी लागते.

प्रश्न : अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून थेट बंदूक स्वस्त मिळते का? (वाडी)

उत्तर : नाही. तिथे तोफगोळ्यांचे आणि रॉकेटचे धातूचे भाग बनतात. नागरिकांना मिळणारं पॉइंट 32 चं सरकारी रिव्हॉल्व्हर कानपूरचं.

प्रश्न : आजोबांचं विलायती रिव्हॉल्व्हर वडिलांच्या नावावर होतं. वडील नुकतेच वारले. एक जण कित्येक लाख देऊ म्हणतो, पण ‘नियम बदलणार आहेत, या आठवड्यातच द्या’ असा तगादा लावतो. (महाल)

उत्तर : किंमत अशक्य नाही. नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात 1980 च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे, अपवाद नेमबाजांसारखे मोजके. म्हणून जुनं, चांगल्या अवस्थेतलं विलायती रिव्हॉल्व्हर नव्या देशी रिव्हॉल्व्हरच्या कितीतरी पट भावाने जातं. वर ज्याला पुरवठा गोठणं म्हटलं, ते हेच.

घाई मात्र कायद्यातच बसत नाही. आधी शस्त्र आजच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करा आणि पावती घ्या. परवानाधारक गेला की ते घरात ठेवणं बेकायदा. मग वारस म्हणून परवान्याचा अर्ज करा. बाकीच्या वारसांचं ना-हरकतपत्र सोबत लागेल. विकायचंच असेल तर घेणाऱ्याकडे चालू परवाना हवा आणि तुम्ही लेखी कळवल्यानंतर किमान 45 दिवस जावे लागतात. आठवड्यात व्यवहार मागणारा माणूस एकतर कायदा जाणत नाही किंवा जाणूनबुजून तुम्हाला अडकवतो आहे.

भाव ठरवण्याआधी बोअर, म्हणजे नळीचं माप, बघा. पॉइंट 32 असेल तर काडतूस देशात बनतं, म्हणून मागणी टिकून असते. पॉइंट 455 असेल तर शस्त्र कितीही देखणं असो, काडतूस मिळवायचं कुठून, हे घेणारा आधी विचारतो आणि त्या हिशोबानेच पैसे कमी करतो. अनुक्रमांक वडिलांच्या परवान्यावरच्या नोंदीशी अक्षर-अक्षर जुळतो का, हे जमा करण्याआधी ताडून पाहा. जुन्या हस्तलिखित नोंदीत 1 आणि 7 ची गल्लत असते, आणि ती दुरुस्त झाल्याशिवाय पुढचा कागद हलत नाही.