पुण्याहून शिर्डीला जाताना नगरमध्ये थांबण्यासारखं काही आहे का, की सरळ पुढे जावं?

तुम्ही विचारलंय की शिर्डीला निघालोय, सोबत दोन लहान मुलं आहेत, वाटेत अहिल्यानगरला अर्धा दिवस घालवावा असं एखादं म्युझियम किंवा जुनी वास्तू आहे का. इथपर्यंत प्रश्न ठीक आहे हो, पण शेवटचे ते चार शब्द, 'की सरळ पुढे जावं', ते वाचून चहा तसाच ठेवला आणि लिहायला बसलो.

थांबा. रणगाड्यांचं म्युझियम बघा, भुईकोट किल्ला बघा, वेळ उरला तर चांदबीबीच्या महालावर जा. झालं उत्तर. आता माझं ऐका.

(नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालंय, माहितीये, पण मी सवयीने नगरच लिहिणार. स्टँडवर कंडक्टर पण अजून नगर नगर असंच ओरडतात.)

माझे दाजी मूळचे साताऱ्याचे, नोकरी चाकणला. २०११ ला ताईचा साखरपुडा झाला त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत कुणीतरी त्यांना विचारलं की नगर बघितलं का, तर म्हणाले, "नगरात बघायचं काय? गाडी थांबवायची, चहा घ्यायचा आणि निघायचं." सगळे हसले. मी पण हसलो, मुलीकडचा होतो ना, करणार काय. पण ते वाक्य त्या दिवशी जे पोटात गेलं ते अजून पचलेलं नाही. बरं त्यांनी ते एकदा बोलून सोडलं असतं तर ठीक होतं, पण दर दिवाळीला भाऊबीजेला आले की आमच्या साताऱ्यात अजिंक्यतारा, आमच्या साताऱ्यात ठोसेघर, कासचं पठार तर २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत, सज्जनगडाचा वारा वेगळाच. त्यात २०२४ च्या जुलैत लंडनहून वाघनखं आली आणि ती पण नेमकी साताऱ्याच्या म्युझियममध्ये ठेवली. मग काय विचारता, दाजींनी स्वतः जाऊन आणल्यासारखा थाट.

त्या दिवाळीत मी ठरवलं की आता बास. सकाळी सगळ्यांना उठवलं, गाडी काढली, आई, ताई, दाजी, भाची आणि भाचा. म्हटलं आज नगर दाखवतो, संध्याकाळी बोलू.

पहिला किल्ला. आणि इथेच पहिली माशी शिंकली. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, गेटवर ओळखपत्र दाखवावं लागतं, हे मी आदल्या रात्री सगळ्यांना दोनदा सांगितलेलं. दाजींचं पाकीट दुसऱ्या पँटीत राहिलं. जवानाने नम्रपणे पण ठाम नाही म्हटलं, त्याचं काही चुकलं नाही, आणि दाजी पण लगेच म्हणाले की तुम्ही जाऊन या, मी बाहेर चहा घेतो. चहा! म्हणजे चौदा वर्षांपूर्वीचं... नाही, तेव्हा तेरा झाली होती, तर तेरा वर्षांपूर्वीचं वाक्य माणसाने अक्षरशः करून दाखवलं.

आत गेलो. आता किल्ल्याचं असं आहे की तुम्ही रायगड-प्रतापगडासारखं काही डोक्यात घेऊन आलात तर हिरमोड होईल. डोंगर नाही, चढ नाही, सपाट जमिनीवर गोल तट आणि बाहेरून रुंद खंदक. पण तटाजवळ उभं राहिलं की कळतं हा घेणं अवघड का होतं. आधी मातीचा होता, हुसेन निजामशहाने १५५९ नंतर दगडात बांधून घेतला. १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने, म्हणजे ज्याने पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं त्यानेच, हा किल्ला जिंकला, आणि एकदा नगर गेल्यावर पुढे असईची लढाई काय नि अडगावची काय, मराठ्यांचं दख्खनमधलं गणितच बिघडलं.

लोक जातात ते मात्र नेत्यांच्या खोल्या बघायला. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत पहाटे धरपकड झाली आणि काँग्रेस कार्यकारिणीची मंडळी इथे आणून ठेवली, नेहरू, वल्लभभाई, मौलाना आझाद, नरेंद्र देव, पंत, कृपलानी, आपले शंकरराव देव, मिळून बारा जण. सुरुवातीला तर कुठे ठेवलंय हे पण बाहेर कळू दिलं नव्हतं. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथे बसून लिहिलं, १९४४ मध्ये, आणि मोकळ्या वेळात बागकाम करायचे. मौलानांनी इथूनच मित्राला पत्रं लिहिली जी कधी पोस्टातच पडली नाहीत, पुढे त्यांचं 'गुबार-ए-खातिर' झालं, आणि गंमत म्हणजे त्यात चहावर केवढं तरी लिहिलंय, कोणता चहा, कसा प्यायचा, दूध घालणारे कसे अडाणी. त्याच काळात तिकडे त्यांची बायको वारली आणि हे इथे आत. मी भाचीला हे सांगत होतो तर ती म्हणाली, "मामा, बारा जण इतके दिवस एकत्र होते तर भांडत नव्हते का?" चांगला प्रश्न आहे. म्हटलं बाहेर जाऊन तुझ्या बाबांना विचार, त्यांना तेरा वर्षं एकच भांडण चालू ठेवायचा अनुभव आहे.

आणि आई. आईचं माहेर माळीवाड्यात, सासर सावेडीला. वय चौसष्ट. ती खोल्यांसमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "मी पहिल्यांदाच आले रे इथं." मला काही बोलताच आलं नाही. म्हणजे मी दाजींवर इतकी वर्षं चिडतोय आणि माझ्या स्वतःच्या आईला घरापासून पाच-सहा किलोमीटरवरचा किल्ला मी कधी दाखवलेला नाही. तिचं आयुष्य दळण, शाळेचे डबे आणि लग्नकार्यात गेलं, किल्ला रोज बसमधून दिसायचा तेवढाच.

असो. तिथून रणगाडे. कॅव्हलरी टँक म्युझियम, १९९४ पासून आहे, लष्कराच्याच आर्मर्ड कोअरचं. आणि इथे मी सांगतो काय झालं, दाजी गप्प झाले! माणूस मशीनमधला, चाकणला शॉप फ्लोअरवर आयुष्य गेलेलं, त्यांनी ती रोल्स-रॉइसची चिलखती गाडी बघितली आणि खाली वाकून सस्पेन्शन बघायला लागले. पहिल्या महायुद्धाच्या जमान्यातली सिल्व्हर घोस्ट, वर लोखंडी खोका आणि बुरूज. मग शर्मन, चर्चिल, माटिल्डा, सेंच्युरियन, आवडीला बनलेला आपला विजयंता, आणि पाकिस्तानकडून पकडलेला पॅटन. १९६५ ला खेमकरणजवळ असल उत्तरला आपल्या लोकांनी उसाच्या शेतांत पाणी सोडलं, चिखल केला आणि त्यात हे पॅटन रुतले, इतके की त्या जागेला पॅटननगरच म्हणायला लागले. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपालांचा तो फामागुस्ता नावाचा रणगाडा पण नगरलाच जपून ठेवलाय, २१ वर्षांचा पोरगा हो, १६ डिसेंबर १९७१, बसंतरच्या लढाईत, रणगाडा पेटला तरी बाहेर पडला नाही. हे सांगताना माझा आवाज जरा हलला आणि दाजींनी पण मान खाली घातली, तेवढ्यापुरता आमचा तह झाला.

मुलांचं विचारलंत म्हणून सांगतो, भाचा सहा वर्षांचा, तो चाळीस मिनिटांत कंटाळला कारण रणगाड्यांवर चढायचं नसतं. हे गाडीतच सांगून ठेवा नाहीतर तिथे रडारड. भाची दहा वर्षांची, ती पाट्या वाचत शेवटपर्यंत फिरली.

मी मनात म्हटलं जिंकलो. तेवढ्यात बाहेर आल्यावर दाजी काय म्हणतात, "मस्त आहे मेव्हणे, पण हे लष्कराचं झालं, नगरचं काय त्यात?" मी म्हटलं मग कासची फुलं काय तुमच्या घरच्यांनी लावली का. ताईने मध्ये पडून सगळ्यांना जेवायला नेलं.

जेवण करून चांदबीबीचा महाल. पाथर्डी रोडने बारा-तेरा किलोमीटर, डोंगरावर, गाडी थेट वर जाते. गाडीत मी पूर्ण फॉर्मात. १५९५ ला अकबराचा मुलगा मुराद नगरच्या किल्ल्यावर फौज घेऊन आला, तटाखाली सुरुंग लावले, काही सुरुंग आतल्यांनी आधीच हुडकून निकामी केले पण एक उडाला आणि भगदाड पडलं, तेव्हा ही चांदबीबी, निजामशाहीचा कारभार बघणारी, स्वतः तलवार घेऊन भगदाडात उभी राहिली आणि रातोरात भिंत बांधून घेतली, गोळे संपल्यावर तोफांतून नाणी उडवली असं पण सांगतात. भाचीचे डोळे मोठे झालेले. वर पोचलो. तीन मजली अष्टकोनी दगडी इमारत, चारी बाजूला कमानी, जिना भिंतीच्या पोटात, वारा असा की बोललेलं ऐकू येत नाही, आणि खाली अख्खं नगर पसरलेलं. भाची म्हणाली मामा ती इथे राहायची का. मी म्हटलं हो तर, आणि इथून किल्ल्यावर लक्ष ठेवायची.

आणि मागून दाजींचा आवाज आला, "अहो मेव्हणे, इथं तर सलाबतखानाची कबर लिहिलंय."

महाल नाहीच तो. मकबरा आहे. मुर्तझा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान, त्याची कबर. चांदबीबीचा त्याच्याशी संबंध एवढाच की आम्ही नगरकरांनी तिचं नाव दिलंय. मी सातवीत या 'महाला'चं चित्र काढून शाळेत दुसरा नंबर मिळवला होता, ते चित्र आईने अजून ठेवलंय. आईकडे बघितलं तर ती म्हणाली, आम्ही पण असंच ऐकलं बाई. दाजींनी पाटीचा फोटो काढला आणि डोंगर उतरायच्या आत फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली चार हसण्याच्या इमोजी. अजून पण महिन्यातून एकदा कोणीतरी विचारतं, काय म्हणतोय सलाबतखान.

तेव्हापासून मी वाचायला लागलो, राग म्हणा काहीही म्हणा. विजापूरला ती मलिक-ए-मैदान तोफ आहे ना, जिच्या जबड्यापाशी सगळे फोटो काढतात, ती ओतली नगरला, १५४९ साली. हे आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नाही. शहर १४९० ला मलिक अहमदने भिंगारजवळ वसवलं, पाणी आणायला लांबून जमिनीखालून खापरी नळ टाकलेले, आणि आम्ही टँकरची वाट बघत बसतो. दमडी मशीद आहे, किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी एकेक दमडी काढून बांधली असं म्हणतात, छोटीशी आहे पण दगडातलं कोरीव काम असं की लाकूड वाटावं. तिथे मी तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा दुसरं कोणी नव्हतं. फराहबागेत जाऊन मात्र वाईट वाटतं, एकेकाळी पाण्याच्या मधोमध उभा असलेला महाल, आता पाणी नाही आणि भिंतींवर बबलू लव्ह्ज पिंकी. आमच्याच लोकांनी लिहिलंय, बाहेरून कोणी आलं नव्हतं लिहायला.

निसर्गाचं काही हवं असेल तर निघोजचे रांजणखळगे तुमच्या वाटेवर शिरूरच्या पुढे आत वळून आहेत, कुकडीच्या पाण्याने कातळात कोरलेले, बघायला झकास, पण लहान मुलं असतील तर हात सोडू नका आणि पावसाळ्यात तर जाऊच नका. रेहेकुरीचं काळविटांचं अभयारण्य कर्जतकडे आहे, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर, शिर्डीच्या एकदम उलट्या दिशेला, त्यामुळे या ट्रिपला विसरा.

आता राहिलेल्या सूचना. मोठ्या माणसांनी प्रत्येकाने ओळखपत्र जवळ ठेवायचं, मोबाईलमधला फोटो नाही, खरं. किल्ला आणि म्युझियम दोन्ही लष्कराकडे, त्यामुळे निघायच्या आधी त्या दिवशी उघडं आहे का याची चौकशी करा. एप्रिल-मेमध्ये दुपारी डोंगरावर जाऊ नका, सावली फक्त त्या मकबऱ्याचीच. आणि अर्ध्या दिवसात तिन्ही होणार नाहीत हे मी वर लिहायला विसरलो, मुलं लहान असतील तर किल्ला आणि रणगाडे एवढंच करा, पुढे राहुरीकडचा रस्ता वेळ खातो.

आणि तुमच्यासोबत कोणी दाजी-बिजी असतील तर वर डोंगरावर महाल-बिहाल काही बोलू नका, पाटी आधी तुम्ही वाचा.

आमच्या दाजींनी किल्ला अजून बघितलेला नाही. यंदा भाऊबीजेला परत नेणार आहे, पाकीट आदल्या रात्री ताईकडून माझ्याकडे येणार आहे, तसं बोलणं झालंय.